वाऱ्याचं शिल्प आणि माझ्या पाटल्या

ही वही कुणाच्या हाती पडलीच तर आधी माफ करावं. माझं अक्षर गिचमीड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. पण ही गोष्ट अजून आठवली तरी चीड येते, म्हणून लिहिते.

तारापूरला वीजघराचं बांधकाम चालू होतं तेव्हा आम्ही घाटावरून येऊन घिवलीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. आमचे हे बांधकामावर अवजड सामान उचलणाऱ्या टोळीत होते. एका कंत्राटदाराचं काम संपलं आणि त्याने उरलेलं सामान लिलावात काढलं. हे नुसतं बघायला म्हणून गेले. संध्याकाळी अंगणात ट्रक आला आणि त्यातून माणसापेक्षा उंच, चकचकीत स्टीलचं काहीतरी उतरलं. वाकवलेल्या नळ्या, पिळलेले पत्रे. त्याला ना हात ना तोंड. कंत्राटदाराच्या परदेशी साहेबाने हौसेने बनवून बंगल्यापुढे उभं केलं होतं म्हणे.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"शिल्प. साहेब म्हणायचा, हा वारा आहे."

घरमालकीण मावशी ओट्यावर जाळं सांधत होती. ती म्हणाली, "अरे, वारा तर आमच्या दारात फुकट येते. माझं पैसं नेऊन हा आणला तू?"

तेव्हा मला कळलं. मी विहिरीवर असताना हे घरी आले होते. माझ्या आईने दिलेल्या पाटल्या ट्रंकेतून काढून मावशीकडे गहाण ठेवल्या होत्या. मला विचारलंसुद्धा नव्हतं.

"अगं, स्टीलचं एक ताट घ्यायचं तर किती पडतात?" हे म्हणाले. "हे त्याच स्टीलचं आहे. मोडीत घातलं तरी दुप्पट येतील."

बोईसरचा भंगारवाला म्हणाला, तुकडे करून आणा. यांनी टोळीतला गॅसने लोखंड कापणारा माणूस आणला. ज्योत लावली की हे स्टील नुसतं वितळून गोळा व्हायचं, कापलं जात नव्हतं. मग हे करवत घेऊन बसले. पाती तुटत गेली, प्रत्येक पात्याला पुन्हा पैसे. शेवटी हे म्हणाले, "राहू दे. पुढे भाव वाढेल."

पावसाळा संपला आणि बोंबलांचा हंगाम सुरू झाला. मावशीच्या बांबूच्या वलांड्या, म्हणजे मासळी वाळवायच्या मांडवाच्या काठ्या, दरवर्षीसारख्या कुजल्या होत्या. तिने बेधडक शिल्पाच्या नळ्यांवर दोऱ्या बांधल्या आणि बोंबील वाळत घातले. आमच्या घरात मासे शिजत नसत. वासाने मला जेवण जाईना. यांना म्हटलं, काहीतरी बोला. हे म्हणाले, "तिचे पैसे आहेत आपल्याकडे. मी कसं बोलू?"

मग मलाच जावं लागलं. तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

"काय गं बाय, मीठ हवं हाय का?"

"मावशी, त्या नळ्यांचं भाडं आमच्या कर्जात धरा," मी म्हणाले.

ती मोठ्याने हसली. "घरवाल्यापेक्षा तूच लिलावात जायला हवी होतीस! धरते. पण तेवढ्यानं नाय फिटायचं. बोंबील टांगायला येशील?"

गेले. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. पहिल्या दिवशी ओकले. बायका हसल्या. पुढे हात आपोआप चालू लागले, पण सासूबाईंना गावी काही कळवलं नाही. मजुरीतला पैसाही हातात आला नाही, सगळा कर्जात वळता व्हायचा. हे मात्र टोळीतल्यांना अंगणात आणून शिल्प दाखवायचे, "लिलावात मारलं!" म्हणायचे. ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दुसरा हंगाम संपत आला तेव्हा मावशीने बोटांवर हिशेब केला. थोडे पैसे कमी पडत होते. किराण्यातून वाचवलेले मी पदराच्या गाठीतून काढून तिच्या हातावर ठेवले. ती आत गेली, पाटल्या घेऊन आली आणि म्हणाली, "घे बाय. फिटलं सगळं."