दोन माणसांची गाडी

लढाई संपून वर्ष झालं होतं. आमचे मालक फौजेच्या मोटार पलटणीत पाच वर्षं काढून घरी आले तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. मी सदतीसची. थोरल्या लेकीला मुलगा झालेला, म्हणजे मी चांगली आजी झाले होते. या वयात माणसं काशीला जायचं बोलतात. ह्यांच्या डोक्यात मोटार शिरली. आणि तीही साधी नाही. लांब नाकाची, टप खाली पाडता येणारी, रेसची म्हणतात तशी. तिच्यात बसायला जागा दोनच.

इटलीत त्यांनी तसली गाडी बघितली होती. एक नवरा-बायको पडक्या गावातून तिच्यात बसून हसत चालली होती. घरंदारं पडलेली, तरी हसत होती, असं हे मला चारचारदा सांगत. मी म्हणायची, "फौजेतलं खूळ हाय. ऊस तोडायला आला, तिकडं बघा जरा."

घरात आम्ही लहानथोर एकोणीस माणसं. सासूबाईंनी गाडीचं ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "दोगांचीच गाडी व्हय? आन् बाकीच्या सतरा जनांनी मागनं पळत यायचं का रं?" सगळं घर हसलं. हेही हसले. पण नाद सुटला नाही.

पहिली गाडी बघितली साताऱ्यात. एक गोरा साहेब विलायतेला परत चालला होता, त्याची. हे पहाटेच्या सर्व्हिस मोटारीनं गेले आणि दिवेलागणीला आले ते हिरमुसून. वरून रंग झकास, पण खालचा पत्रा गंजून चाळण झालेला. दुसरी वाईकडची, एका इनामदाराची. ती गोठ्यात उभी होती आणि सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. इनामदार म्हणाला, "एकवीस दिस थांबा, मग बगू." हे सांगताना ह्यांना हसू आवरेना. मी मात्र फणकारले, की बरं झालं, आता तरी घरात बसा.

तिसरी सांगलीला निघाली. एका म्हाताऱ्या वकिलांची होती. डोळे अधू झाले म्हणून ते विकणार होते. या वेळी ह्यांनी थोरल्या दिरांना बरोबर घेतलं, कारण एवढा व्यवहार वडीलधारं माणूस नसताना करायची आमच्यात रीत नव्हती. आणि मला म्हणाले, "चल, गणपतीचं दर्शन हुईल." एवढ्या वर्षांत ह्यांनी मला गणपतीला कधी नेलं नव्हतं. मला काहीच कळलं नाही असं म्हणणार नाही. कळत होतं आणि आतून बरंही वाटत होतं.

वकिलांच्या अंगणात गाडी उभी होती. हिरवी, जुनी, पण रोज पुसलेली. ह्यांनी नाकाडावरचं झाकण उचललं, आत वाकले, तेल काढून दोन बोटांवर चोळलं, चाकं हलवून बघितली. इंजिन चालू केलं आणि डोळे मिटून ऐकत उभे राहिले. मी भिंतीशी पदर ओढून उभी होते. त्यांचा चेहरा मला दिसत होता. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा असा दिसला होता की काय, कोण जाणे. मी तेव्हा मान वर केली नव्हती.

वकील म्हणाले, "एक फेरी मारून या. कृष्णेच्या पुलापर्यंत जा. बाईंनाही न्या."

ह्यांनी पलीकडचं दार उघडून धरलं. "ये की. बस."

आता आमच्याकडची गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरच्या बायका बाहेर निघाल्या तर पडदा लावलेल्या बैलगाडीतून. नवरा पुढं, बायको मागं, चालताना दहा पावलं अंतर. थोरल्या दिरांपुढं नवऱ्याशी शब्द बोलायचा नाही, मग शेजारी बसणं तर दूरच. तेवीस वर्षं संसार केला, पण चार माणसांत मी ह्यांच्या शेजारी कधी बसले नव्हते. आणि इथं समोर दीर उभे. फाटकाबाहेर रस्त्यावर गुळाच्या गाड्या चाललेल्या, त्यांत आमच्या गावचे कुणी नसतील कशावरून?

दिरांनी तेवढ्यात पाठ फिरवली आणि वकिलांच्या तुळशीचं वृंदावन बघत राहिले. ते मुद्दाम होतं हे मला तेव्हा समजलं नाही. माझं डोकंच चालेना.

मी मानेनंच नाही म्हटलं. हे जवळ आले आणि हळू म्हणाले, "पुलापत्तूर गं. लगीच येऊ माघारी."

"लोकं काय म्हनतील? नातवाची आजी मी," मी पुटपुटले. "थोरल्यांस्नी न्या."

ते क्षणभर दार धरून उभे राहिले. मग दिरांना हाक मारली. दोघे भाऊ गेले, अर्ध्या तासानं आले. उतरल्यावर ह्यांनी वकिलांना हात जोडले आणि सांगितलं, गाडी काही मनात भरली नाही. वकील बिचारे गोंधळले. आम्ही गणपतीचं दर्शन घेतलं आणि घरी आलो. गाडीचा विषय पुन्हा निघाला नाही. मी मनात म्हटलं, सुटले एकदाची.

महिन्याभरानं थोरल्या जाऊबाई चुलीपाशी म्हणाल्या, "गाडी झ्याक हुती म्हनं. पुलावर थांबवली आन् भावजी आमच्या ह्यास्नी म्हनले, दादा, दोगांच्या गाडीत तुमास्नी बसवून मी काय करू?"

भाकरी तव्यावर करपली. मी उठून परसात गेले आणि खूप रडले. त्यांना सांगायचं होतं, की परत जाऊ, मी बसते. जीभ उचलली नाही. आज बोलू, उद्या बोलू करत राहिले. मग कळलं, वकिलांची गाडी कुणी व्यापाऱ्यानं नेली.

दोन वर्षांनी ह्यांच्या पोटात गाठ झाली. मिरजेला नेलं, पण उशीर झाला होता. तिथंच गेले. त्यांना घरी आणायला दिरांनी गुळाची एक मोकळी लॉरी मिळवली. बायकांनी सर्व्हिस मोटारीनं पुढं जावं असं ठरलं. मी ऐकलं नाही. लॉरीच्या हौद्यात चढले आणि त्यांच्या शेजारी बसले. दीर जाऊन ड्रायव्हरपाशी बसले.

दुपार होती. सांगलीची पेठ भरलेली होती. दुकानांतली माणसं उठून उभी राहिली, कुणी टोप्या काढल्या, गुळाच्या गाड्या बाजूला झाल्या. त्यांत आमच्या गावचे दोघे होते, मी त्यांना ओळखलं. पूल आला, गेला. त्यांचा हात माझ्या हातात होता. सगळ्यांच्या देखत मी त्यांच्या शेजारी बसून घरापर्यंत आले आणि मला कुणी काही म्हणालं नाही.