मामांनी एसी जुंपला

बैलांची पारख आमच्या मामांइतकी मुरबाड आणि शहापूर या दोन्ही तालुक्यांत कुणालाच नव्हती, असं मी म्हटलं तर कुणी हरकत घेईल असं वाटत नाही; पण ही पारख त्यांनी बैलांपेक्षा इतर वस्तूंवरच जास्त वापरली, हे फारसं कुणाला माहीत नसावं. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. भातशेती सांभाळून त्यांनी उमेदीची वर्षं म्हसा यात्रेत बैलांचे सौदे जमवण्यात घालवली होती. पुढे त्यांच्या मुलानं, म्हणजे आमच्या दादानं, शहापुरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि मामा आत्यासकट तिथे राहायला आले. टोकावड्याजवळच्या आमच्या गावातून रोज कॉलेजला येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मीही त्यांच्याकडेच राहायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे जगातलं सगळं मला येत असणार अशी मामांची खात्री होती. मी मराठी विषय घेऊन बी.ए. करत होते, पण मिक्सर बिघडला तरी हाक मला यायची, "कॉलेजवाली, ये गो, बघ याला काय झालंय!" मला काही कळायचं नाही. मग मामाच मिक्सर उलटा करून त्याच्या पोटावर थाप मारायचे आणि सांगायचे, "दमलाय. इसावा दे त्याला."

घरात येणारी प्रत्येक वस्तू ते बैलासारखी बघून घेत. फ्रिज घ्यायला गेले तेव्हा त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, दार उघडून आत बराच वेळ पाहिलं, मागे वाकून कान लावला आणि दुकानदाराला विचारलं, "एवढा चांगला हाय, तर तुमी इकताय कशापायी?" नव्या फ्रिजच्या दुकानदाराला असा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नसेल. यात्रेत भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात एका रुमालाखाली जातो, बोटं दाबून आकडे सांगायचे, आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसाला काही कळू द्यायचं नाही. मामांनी फ्रिजच्या दुकानातही खांद्यावरचा रुमाल पसरून हात पुढे केला. त्या बिचाऱ्याला वाटलं, म्हातारा काही जादू दाखवतोय. त्यानं कौतुकानं बघत आपल्या बायकोलाही आतून बोलावून घेतलं.

त्यांची दुसरी खोड म्हणजे सपाटी. लावणीआधी चिखलणी करून भाताचं खाचर असं सपाट करायचं की पाणी सगळीकडे सारखं उभं राहिलं पाहिजे, नाहीतर एका कोपऱ्यात रोपं कुजतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात वाळतात. मामांच्या खाचरातलं पाणी म्हणे आरशासारखं राहायचं. फ्लॅटमध्ये आल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी परातीत पाणी भरून ती प्रत्येक खोलीत ठेवून पाहिली आणि जिन्यात उभं राहून सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "बिल्डरला चिखलणी येत नाय!"

तर अशा या मामांना नात झाली. वहिनीचं माहेर ठाण्याचं. पहिलं बाळंतपण माहेरीच, त्याप्रमाणे ती तिकडे गेली होती. मामा ठाण्याला जाऊन नातीला पाहून आले, पण चहाचा कप संपेपर्यंतच. आणि तेवढा वेळ ती झोपलेली होती. "डोळं बघायचं राहिलं," एवढंच ते आल्यावर म्हणाले. सव्वा महिना झाला की बाळ-बाळंतीण घरी यायची, म्हणून त्यांनी छताच्या कडीला झोळी बांधून ठेवली. जिन्यात भेटेल त्याला "माझी नात येतेय" असं सांगून झालं होतं. आणि मग मे महिन्याच्या तोंडावर व्याह्यांचा फोन आला. व्याही सभ्य माणूस, आवाज मऊ. ते म्हणाले, "एवढ्या उकाड्यात बाळाला शहापूरला कसं न्यायचं हो? इथे एसी आहे, तिला सवय झालीय. पावसाळा होऊ दे." मामांनी फोन ठेवला आणि बांधलेली झोळी सोडून परत घट्ट बांधली. संध्याकाळी आत्या म्हणाली, "जाऊ द्या ना, चार महिन्यांनी येईल." तेव्हा मामा बोलले, "पावसात म्हणतील मच्छर हायत. थंडीत म्हणतील गारठा हाय. मंग परत उन्हाळा. पोरगी चालत यायची आपल्या दारात, आनि इचारायची, हे म्हातारं कोन?"

दुसऱ्या दिवशी ते दादाला आणि मला घेऊन कल्याणला जुन्या एसींच्या दुकानात गेले. खिडकीत बसवायचे एसी ओळीनं मांडले होते, यात्रेत दावणीला बैल असतात तसे. मामांचा चेहरा उजळला. त्यांनी एकेकाच्या पाठीवर हात फिरवला, जाळीतून आत डोकावले, आणि दोन भरभक्कम, चकचकीत एसी सोडून कोपऱ्यातल्या एका पिवळट पडलेल्या एसीपाशी थांबले. "ह्यो आधी कुनाकडं होता?" दुकानदार म्हणाला, एका ऑफिसात. "कामाची सवय हाय मंग. उन्हात चालतो का?" दुकानदारानं दादाकडे पाहिलं. दादानं मान खाली घातली. मामांनी रुमाल काढला. गंमत म्हणजे हा दुकानदार पटकन शिकला. रुमालाखाली दोघांची बोटं अशी काही झुंजली की गिऱ्हाइकं गोळा झाली. सौदा ठरला, पण भाव मामांनी दादालासुद्धा शेवटपर्यंत सांगितला नाही. वर यात्रेचा रिवाजही कबूल करून घेतला, "आठ दिस जुंपून बघनार. लंगडला तर परत."

एसी टेम्पोतून दारात उतरला तेव्हा आत्या तांब्या आणि कुंकवाचं ताट घेऊन उभी होती. नवा बैल घरी आला की त्याच्या पायांवर पाणी घालून ओवाळतात, तेवढंच ती करत होती. बसवायला आलेला मेकॅनिक ओरडला, "मावशी, पानी मत डालो!" मग पाणी उंबऱ्यावर पडलं आणि कुंकू एसीला लागलं. ते पुढे कितीतरी वर्षं तसंच होतं.

खिडकीची चौकट काढून लाकडी चौकट बसली. मेकॅनिक म्हणाला, एसी बाहेरच्या बाजूला थोडा कलता ठेवायचा. मामांनी परात आणली. "माझ्या घरात कलतं काय लावायचं नाय." "काका, पानी अंदर आयेगा." "बांध सरळ असला का पानी जाग्यावर ऱ्हातं. तू काय मला शिकवतो? तू कधी लावनी केली का?" मेकॅनिकनं लावणी केली नव्हती. तो घामानं निथळत होता, त्याला पुढचं काम गाठायचं होतं. एसी परातीतल्या पाण्याशी जुळवून अगदी सपाट बसला. दुपारी सुरू केला. खोली गार झाली, मामांनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं, आणि थोड्याच वेळात भिंतीवरून पाण्याची धार सरळ बाळासाठी घातलेल्या नव्या गादीत शिरली. आत्या म्हणाली, "तो पोरगा सांगत होता." मामा धारेकडे बघत राहिले. मग डोक्याला हात लावून म्हणाले, "चुकलंच. बांधाला पानी जायाला तोंड ठेवायचं इसरलो!" म्हणजे मेकॅनिकचं बरोबर होतं असं नाही, शेतकरी म्हणून स्वतःचीच एक गोष्ट राहून गेली होती. मेकॅनिकला परत बोलावलं आणि एसी बाहेर कलला.

आता पाणी बाहेर पडू लागलं, ते थेट खालच्या मजल्यावरच्या गुरुजींच्या गॅलरीत. तिथे त्यांच्या पत्नीनं पापड वाळत घातले होते. शिवाय आमचा एसी घुरघुरला की सगळ्या बिल्डिंगचे पंखे मरगळत. आमच्याकडे विजेचा जोर मुळातच कमी. निवृत्त गुरुजी वर आले, मागे चार बिऱ्हाडं. "अहो, तुमच्या एकट्याच्या गारव्यासाठी आम्ही सगळ्यांनी शिजायचं का? काढा हे मशीन." मामा हात जोडून म्हणाले, "गुरुजी, माझ्यासाटी नाय. एसी लावल्याचं ठान्याला कळवलंय, व्याही रईवारी पोरीला घेऊन बघाया येनारेत. त्यांना पटलं तर नात ऱ्हाईल, नाय तर त्यांच्याबरूबर परत." गुरुजी म्हणाले, "ते ठीक आहे. पण पापड?"

त्या आठवड्यात नळाला पाणी नव्हतं. मुंबईला पाणी पाजणारा तानसा तलाव आमच्याच तालुक्यात, आणि मे महिन्यात आम्ही टँकरची वाट बघत बसायचो. मामांनी एसीच्या मागच्या छिद्राला एक रबरी नळी जोडली आणि खाली बादली लावली. आमची हवा दमट, घाम तसं एसीचं पाणीही भरपूर. संध्याकाळपर्यंत बादली भरली. मामा ती घेऊन स्वतः गुरुजींच्या दारात गेले. "प्यायचं नाय, पन भांडी घासाया बरं हाय. पापडाची भरपाई." गुरुजींच्या पत्नीनं बादलीत हात घातला आणि ती हसायला लागली. गुरुजी म्हणाले, "धरण उशाला, कोरड घशाला, आणि पाणी देतोय कोण, तर एसी!" दुसऱ्या दिवशी आमच्या दारात बादल्यांची रांग होती. मामांनी पाटाच्या पाण्यासारखी पाळी ठरवून दिली. दुपारी मशीन, बाकीच्या वेळी सगळ्यांचे पंखे, आणि बादली रोज वेगळ्या बिऱ्हाडाला.

रविवारी रिक्षातून व्याही उतरले, त्यांच्यामागून वहिनी, बाळाला छातीशी धरून. रणरणतं ऊन होतं. आम्ही एसीचं बटण दाबलं. तो नुसता हुंकारला आणि बंद पडला. परत दाबलं, परत तेच. विजेला जोरच नव्हता. मामांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. व्याही पहिल्या मजल्यापर्यंत आले होते. इतक्यात जिन्यात गुरुजींचा वर्गातला आवाज घुमला, "पंखे बंद! सगळ्यांनी पंखे बंद! फ्रिजसुद्धा!" एकामागून एक दारं उघडली, खटाखट बटणं पडली. मामांनी एसीच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "चल रं राजा." मी बटण दाबलं. एसी थरथरला, खोकला, आणि चालू लागला.

व्याह्यांचं बाहेरच्या खोलीत चहापाणी होईपर्यंत आतल्या खोलीत गारवा आला होता. ते आत येऊन खुर्चीत बसले, इकडेतिकडे बघितलं. नंतर त्यांनी उपरणं खांद्याभोवती ओढून घेतलं, आणि मामांनी ते पाहिलं. "छान थंड आहे हो," ते म्हणाले, "पण तुमचे शेजारी सगळे जिन्यात का बसलेत? वर्तमानपत्रानं वारा घेतायत." मामा म्हणाले, "त्यांना मोकळी हवा आवडते." वहिनीनं बाळाला झोळीत ठेवलं. बाळानं डोळे उघडले, मामांकडे पाहिलं आणि जांभई दिली. मग व्याही वहिनीला म्हणाले, "तुझी बॅग वर आणायला सांग कुणाला तरी." जिन्यात कुणीतरी शिट्टी वाजवली. गुरुजी असावेत, पण मी खात्रीनं सांगू शकत नाही.

एसी लंगडला नाही. त्या उन्हाळ्यात तो एकदाही परत करायची वेळ आली नाही, आणि मामा तालुकाभर ताठ मानेनं फिरले. फक्त एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आधी आली नव्हती. एसी लावला की दार बंद ठेवावं लागतं. मामांना त्या गारव्यात बसवत नसे, त्यांचे गुडघे धरायचे. आणि सारखं आतबाहेर केलं की गारवा जातो, पोरीची झोप मोडते. ज्या नातीसाठी एवढा खटाटोप केला ती दुपारभर बंद दारामागे असायची, आणि मामा बाहेर जमिनीवर, दाराला पाठ लावून, घामानं भिजलेले. मी एकदा कॉलेजातून आले तर ते तसेच बसले होते. म्हटलं, "मामा, जा ना आत थोडा वेळ." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग माझा हात धरून दाराच्या लाकडावर टेकवला.

"गार लागतंय ना?" ते कुजबुजले. "म्हंजे झोपली असंल."