रविवारची दोरी

फडक्यावर कितीही सुंदर चित्र असलं तरी त्यानं भांडी पुसलीच पाहिजेत, असं एडना सग्डनचं ठाम मत होतं. जुन्या बाजारातून, आवराआवर चाललेल्या घरांतून ती छापील टी-टॉवेल, म्हणजे भांडी पुसायची चित्रांची फडकी, गोळा करायची. साध्या साबणानं धुऊन, किंचित ओलसर असतानाच इस्त्री करून चित्र वर राहील अशी चौपदरी घडी घालायची. कपडे मऊ करायचं ते सुगंधी पाणी तिच्या घरात कधी आलं नाही. त्यानं कापड पाणी पिईनासं होतं.

पण तिचा खरा जीव होता तो हेबल रो या तिच्या गल्लीतल्या चॅपलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, स्वयंपाकघरातल्या खणात. सुट्टीला समुद्रावर गेलेल्यानं तिथला एक टॉवेल चॅपलसाठी आणायचा, असा यॉर्कशरमधल्या त्या गल्लीचा जुना रिवाज. कुठला कुणी आणला ते एडनाला तोंडपाठ.

जूनमध्ये एका दुपारी ती चॅपलमध्ये शिरली, तर समितीची ग्लेनिस हार्ग्रीव्ह सगळा खण टेबलावर ओतून, हातात कात्री घेऊन बसलेली.

"उन्हाळी जत्रेसाठी तिकोनी पताका करतेय," ग्लेनिस म्हणाली. "हल्ली फॅशन आहे, मिसेस सग्डन. नाहीतरी आता भांडी मशीनच धुतं आणि वाळवतं."

"हातातलं ते दीपगृह आधी खाली ठेव."

"अहो, जुनं फडकंच तर आहे!"

"मेबल क्रॅबट्रीनं आणलंय ते. वेल्सला गेली, तिथं नवरा भेटला आणि बाई फडकं घ्यायलाच विसरली. मग खास पोस्टानं मागवलं. त्याचे त्रिकोण करणार तू?"

ग्लेनिस वाईट नव्हती. तिला जत्रा रंगीत हवी होती, इतकंच. एडनानं ते ओळखलं आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली.

"गल्ली मी सजवते. एकही न कापता. जत्रेच्या सकाळी बघ. नाही आवडलं तर तुझी कात्री आणि तू. मी एक शब्द बोलणार नाही."

"बघा हं, शब्द दिलाय तुम्ही," ग्लेनिस म्हणाली.

गल्लीत समोरासमोरच्या घरांच्या भिंतींत कपडे वाळत घालायचे जुने हूक अजून होते. या घरापासून त्या घरापर्यंत दोऱ्या बांधायच्या आणि चिमट्यांनी टॉवेल अख्खे लावायचे, असं एडनानं ठरवलं. घरी पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं, जत्रा रविवारी आहे.

रविवार देवाचा, विश्रांतीचा; हेबल रोमध्ये त्या दिवशी कुणी दोरीवर रुमालसुद्धा टाकत नसे. एडनाची आई तर शनिवारी संध्याकाळीच सगळ्या गल्लीभर नजर फिरवायची, कुणाचा मोजा राहिला का बघायला. तो नेम एडनानं जन्मभर पाळला होता. त्या रात्री तिला धड झोप लागली नाही. पण रविवारी उजाडताच ती चिमट्यांची टोपली घेऊन बाहेर पडली.

तिसरी दोरी बांधेपर्यंत समोरचा हॅरल्ड पायजम्यावरच दारात आला.

"एडना! रविवारी धुणं? तुझी आई थडग्यातून उठून येईल!"

"आली तर चिमटे धरायला उपयोगी पडेल. आणि हे धुणं नव्हे, हॅरल्ड. सगळं कोरडं आहे."

"दोरीवर आहे ना? मग धुणंच."

"बरं, धुणं तर धुणं. ते टोक धर. तुझा हात पोचतो."

कुरकुरत हॅरल्डनं टोक धरलं. टॉवेलांवरचा व्हिटबीचा पडका मठ, स्कारबरोच्या किनाऱ्यावरची गाढवं, मेबलचं दीपगृह, सगळं वाऱ्यावर फुगलं. प्रार्थना आटपून बाहेर आलेली मंडळी पायऱ्यांवरच थबकली. एडना टोपली पोटाशी धरून ग्लेनिसच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

ग्लेनिस दोरीखालून चालत गेली. एका निळ्या बोटीखाली थांबली.

"ही आमच्या बाबांनी आणलेली," ती म्हणाली. "मी सोबत होते. दुकानात रडून हीच घ्यायला लावली." मग म्हणाली, "परवा ही कापली असती मी."

"ढिगात वरून दुसरी हीच होती," एडना म्हणाली.

जत्रा संपल्यावर दोघींनी टॉवेल उतरवले. एडनानं सगळा गठ्ठा ग्लेनिसच्या हातात दिला.

"आता हे तू सांभाळायचंस. आठवड्यातून एकदा तरी भांडी हातानं धुवायची आणि यांनीच पुसायची. लिनन काचेला, सुती बशांना."

"आणि मशीन?"

"त्यालाही सुट्टी लागते. इस्त्री नीट कर. आणि ते वासाचं पाणी घातलंस, तर पहिला पेला पुसतानाच कळेल मला."

"घरातली बाटली आजच टाकते," ग्लेनिस म्हणाली आणि निळी बोट वर ठेवून घडी घालायला लागली.

"चौपदरी," एडना म्हणाली.