पूजेत ठेवलेला फोन

मनू, ये, अशी जवळ बस. पत्रात कसली जवळ बसणार म्हणशील, पण मी लिहितेय ती तू समोर आहेस असं धरूनच. आधी रागावून घेते. तुझी आई फोनवर सांगत होती, इंटरव्ह्यू चांगला झाला, त्याला बरेच दिवस लोटले, आणि तू मात्र पुढे काय झालं हे विचारायलाच तयार नाहीस. "त्यांना हवी असेन तर बोलावतील," म्हणालीस म्हणे. काय गं ही ऐट! जावई रुसून बसावा तशी बसलीयेस. ऐक आता मावशीचं.

हेच बोलणं मी आमच्या कावेरीच्या तोंडून ऐकलंय. कावेरी म्हणजे माझी सून. तमिळ मुलगी, पण माझ्याशी हट्टानं मराठीच बोलते, मोडकं का होईना. इथंच सिरुसेरीला मोठ्या कॉम्प्युटर कंपनीत होती. मी न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि माझा लेक श्रीधर तर कायम फिरतीवर. तेव्हा या पोरीनं कुणाला न विचारता नोकरी सोडली. मला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं सगळं केलं. मी काठी टेकत चालायला लागले आणि ती पुन्हा नोकरी शोधायला लागली. पण मधे पडलेला खंड बघून कुणी धड बोलेना. माझ्या जिवाला तेच लागून राहिलं होतं. माझा पाय सावरला, पण तिचं काम गेलं ते माझ्या पायापायी.

तरी तुला सांगते, आज त्या दुपारीच आठवतात. वेलचेरीच्या आमच्या घराच्या बाल्कनीत दोघींच्या हातात कॉफीचे पेले, खालून शेअर ऑटोवाल्यांचा आरडाओरडा, आणि तिचा लॅपटॉप उघडा. मी विचारायची, "काय म्हणतात गं?"

"काय म्हणतात? 'आम्ही कळवतो' म्हणतात, अम्मा."

"मग कळवलं का?"

"कळवलं असतं तर मी इथं वाटाणे सोलले असते का?"

"अगं, मग तूच फोन कर की."

"नको अम्मा. भीक मागतो तसं वाटते." आणि मग एक दिवस म्हणाली, "पोदुम अम्मा. पुरे झालं. दिवाळीपर्यंत बघते. नाही तर घरी मुलांची शिकवणी घेते." हसत म्हणाली, पण वाटाणे सोलणारा हात थांबला होता. खरं सांगते, त्या संध्याकाळी मी देवीपुढे दिवा लावला तो रागानंच. माहेरून आणलेला अंबाबाईचा टाक, इतकी वर्षं पुजला, आणि हिच्या सेवेचं हे फळ? म्हटलं, तू ऐकतेस तरी का?

नवरात्र आलं. आमच्याकडे घट आणि कावेरीच्या हौसेनं तिच्याकडच्या रीतीच्या, बाहुल्या मांडलेल्या पायऱ्या, दोन्ही. नवमीला इकडे सरस्वतीपूजा नि आयुधपूजा. तुझे काका असताना त्या दिवशी रेल्वेच्या कारखान्यातून चुरमुरे-फुटाण्यांची पुडी आणायचे, कपाळभर कुंकू लावून. यंत्रांनाही हार घालायचे तिथे. घरी मी माझं शिवणयंत्र पुजायची, त्यांचं पेन ठेवायची. एकदा पूजेत ठेवलं की दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, पुनर्पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही, हा इथला नेम. तो आम्हीही उचललेला.

कावेरीनं लॅपटॉप ठेवला. मी म्हटलं, "फोनही ठेव. नोकरी फोनवरूनच येणार ना? तेच तुझं हत्यार." तिनं आवाज बंद केला, फोन ठेवला, वर शेवंतीचं फूल.

दसऱ्याला पूजा करून फोन उचलला तर काय! एकाच अनोळखी नंबरावरून आदल्या दिवशी पुन्हापुन्हा फोन येऊन गेलेला. तिनं उलट लावला, तर रेकॉर्डवरची बाई बोले, हा नंबर लागत नाही. पोरीचा चेहरा पांढरा पडला. मला एक अक्षर बोलली नाही, उलट माझ्याच पाठीवर हात ठेवला. बोलली असती तर बरं झालं असतं गं. मी टाकासमोर बसले. या वेळी मागणं नाही, राग नाही. एवढंच म्हटलं, "आई, फोन तुझ्या पायाशी होता. आता तूच बघ." आणि खरंच, छातीवरचं ओझं कुणी उतरून घ्यावं तसं झालं.

सुट्टी सरली. आता फोन कुणाचा ते शोधायचं, तर जिथे जिथे अर्ज केले होते तिथे सगळीकडे विचारणं भाग होतं. आता ती भीक नव्हती ना! विचारायला सरळ कारण होतं. माझ्या शेजारी बसून एकेक नंबर लावत गेली. कुणी "आम्ही नाही" म्हणून तोडलं, कुणी जागा भरल्याचं सांगितलं. मग अड्यारच्या एका छोट्या कंपनीतली बाई म्हणाली, "फोन आमचा नव्हता. पण थांबा, तुम्ही कावेरी ना? आमच्या साहेबांना तुमचं काम आवडलं होतं. तुम्ही पुढे काहीच विचारलं नाहीत, आम्हाला वाटलं दुसरीकडे लागलात." आणि मग, "पण ज्याचा कुणाचा होता, तो फोन का नाही उचललात?"

कावेरी खोटं बोलत नाही. "पूजेत ठेवला होता."

पलीकडे ती बाई खळखळून हसली. "माझ्या सासूबाईंनीही माझा ठेवला होता!"

त्याच आठवड्यात बोलावलं, आणि घेतलं. मधल्या खंडाचं विचारलं तेव्हा हिनं माझ्या पायाचं सांगितलं. त्यावर कुणी नाक मुरडलं नाही.

तो फोन कुणाचा होता, आजवर कळलं नाही. श्रीधर म्हणतो, कर्ज देणाऱ्या कुणाचा असेल. असेलही. मी वाद घालत नाही. मी फक्त हात जोडते. त्या फोननं माझ्या सुनेला दारोदार विचारायला लावलं, आणि उघडलं ते भलतंच दार. मला त्यातून एवढंच उमगलं, की विचारणं आपल्याकडे आहे, ते लाजून टाकू नये. उत्तर कुठून यावं ते आपल्याकडे नाही, ते सोडून द्यावं. सोडून देणं म्हणजे गप्प बसणं नव्हे, मनू. मीही इतकी वर्षं तसंच समजत होते.

आता कावेरी सकाळी डबा घेऊन जाते, संध्याकाळी दमून येते, खूश असते. दुपारी बाल्कनीत मी एकटी. वाटाणे आहेत, सोलायला दुसरा हात नाही. तू उद्या त्यांना फोन कर. ते काय म्हणतील ते म्हणोत, पण नोकरी लागायच्या आधी चार दिवस इकडे ये. एकदा लागलीस की कुठली येतेस! लवकर ये गं.