छज्ज्याखालची खुर्ची

स्लॅबचे टेकू काढायची वेळ झाली की बोरकर साहेब त्याच स्लॅबखाली खुर्ची टाकून बसत. लोखंडी, घडीची, एक पाय किंचित आखूड. खिशातून फुटाणे काढत आणि मला हाक मारत, "या ठेकेदार, बसा. काम तुमचं, तर खाली डोकंबी तुमचंच पाहिजे."

मी सेंट्रिंगचा ठेकेदार. काँक्रीट ओतण्याआधी फळ्या आणि टेकूंचा साचा उभा करायचा, ते पक्कं झालं की काढून घ्यायचा, हे माझं काम. शहरातल्या पुरानी बस्ती मोहल्ल्यात एका सुताराच्या हाताखाली फळ्या उचलत शिकलो. शहराबाहेर वसणाऱ्या नव्या राजधानीत पहिली उंच कचेरी उभी राहणार हे कळलं तेव्हा चार जणांशी भांडून, भाव पाडून ते काम ओढून आणलं. बोरकर तिथले देखरेखीचे इंजिनियर. तेही पुरानी बस्तीतलेच, पण ओळखीची सवलत त्यांनी कधी दिली नाही.

पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसलो तो तिसऱ्या मजल्यावर. माणसं घण मारत होती, एकेक टेकू आडवा होत होता, मानेवर माती पडत होती. अचानक वर कडाड झालं आणि मी जिन्यापर्यंत पळालो. बोरकर जागचे हलले नव्हते. "अजी, ती फळी सुटली. स्लॅब पडन तवा तिचा आवाज तुमाले ऐकूच येणार नाही." सगळे हसले.

भाताच्या शेतांमध्ये ती अकरा मजली इमारत एकटी उभी होती. अभनपूरच्या रस्त्यावरूनही दिसायची. तिला कमान नाही, नक्षी नाही, गिलावासुद्धा नाही. साचा काढल्यावर उरेल ते काँक्रीट हाच तिचा चेहरा. म्हणजे माझ्या प्रत्येक फळीची रेघ जन्मभर दिसणार. पश्चिमेला ऊन अडवायला काँक्रीटच्या उभ्या पात्या, तळमजला खांबांवर मोकळा, वारा आरपार. मला ती अर्धवट सोडल्यासारखी वाटायची.

"साहेब, हिले कपडे कधी घालून राहिले?"

"हिनं काही लपवलंच नाही, तर कपडे काहून पाहिजेत?"

आणि दारावर तो छज्जा. वीस फूट बाहेर आलेला, खाली एकही खांब नाही. बोरकरांनी त्याचे टेकू अठ्ठावीस दिवस ठेवायला सांगितले. मला तेच टेकू शेजारच्या नव्या कामावर हवे होते, नाहीतर ते काम दुसऱ्याकडे जाणार होतं. आधी मी विनवलं, मग भांडलो. "पंधरा घ्या. बरं, अठरा घ्या."

"हा भाजीबाजार नाही, ठेकेदार."

एकोणिसाव्या दिवशी ते दुपारी शहरात गेले. मी मनराखनला, माझ्या जुन्या मिस्त्रीला, वर भिंतीपाशी नजर ठेवायला उभं केलं आणि बाहेरच्या टोकापासून टेकू काढायला माणसं लावली. पहिला घण पडायच्या आत बोरकरांची जीप आत आली. ओरडले नाहीत. खुर्ची आणली, छज्ज्याच्या टोकाखाली उघडली, बसले.

"काढा ना. काहून थांबले?"

माणसांनी घण खाली ठेवले. माझं डोकं फिरलं. "मारा!" मी ओरडलो. वरून मनराखन म्हणाला, "नइ मारय कोनो, ठेकेदार. साहब बइठे हे."

मग घण मी उचलला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. खाली माणूस बसलेला असताना मी कोपऱ्यातला टेकू उडवला. बोरकरांच्या केसांवर धूळ पडली. ते माझ्याकडे बघत राहिले. "दुसरा," ते म्हणाले. माझा हात वर गेला आणि तिथेच थिजला. तेवढ्यात वरून मनराखन किंचाळला, "दरार! दरार आ गे!"

टेकू पुन्हा लावताना माझ्या हातून पाचर दोनदा पडली. वर जाऊन पाहिलं, भिंतीपाशी केसाएवढी, वीतभर भेग. बोरकरांनी तिच्यावर काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं चिकटवली, बाजूला तारीख कोरली. "भेग हलली तर काच तुटन. हे पाहत राहायचं. तुमी."

उद्घाटन टेकूंना कापड गुंडाळून उरकलं. मोठे लोक चिडले. माझं नाव बोरकरांनी घेतलं नाही, म्हणाले की आपल्याच हिशेबामुळे उशीर झाला. नंतर वाळूची पोती रचून छज्जा तपासला, पास झाला, पण तोवर त्यांची बस्तरला बदली झाली होती. ते निघाले तेव्हा मी म्हणालो, "माझी तक्रार करा, नाहीतर मला मोकळं करा."

"दोन्ही नाही," ते म्हणाले.

हा माझा राग अजून गेलेला नाही. आयुष्यभर मी प्रत्येकाशी घासाघीस केली. या माणसानं किंमतच सांगितली नाही आणि मला बांधून ठेवलं. वर्षानुवर्षं मी पहिल्या मजल्याच्या खिडकीतून ती काच पाहत आलो. निवृत्त होऊन ते परतले. गल्लीत भेटले की एवढंच विचारत, "काच?"

"साबूत आहे."

छज्ज्याखालून मात्र मी एकदाही गेलो नाही. लोक तिथे गाडीची वाट पाहत उभे असतात, मुलं खेळतात. मी बाजूच्या दारानं जातो.

या उन्हाळ्यात बोरकर गेले. मारवाडी श्मशानातून मी घरी न जाता थेट त्या इमारतीकडे गेलो. खिडकीतून वाकलो. काच धुळीनं आंधळी झाली होती. बोटानं पुसली. साबूत. तसं मोठ्यानं म्हटलंही, आणि विचारणारं कोणी नाही हे मग लक्षात आलं.

खाली आलो. पहारेकऱ्याची प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली, छज्ज्याच्या टोकाखाली ठेवली आणि बसलो.

"किसी का इंतजार है, भैया?" त्यानं विचारलं.

वर पाहायची हिंमत नव्हती. पळून जाऊ नये म्हणून खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते.