सासू-सुनेची फारकत

गादीवाल्या मावशींचा हात म्हणजे हात. त्यांच्या गादीवर झोपलेला माणूस सकाळी उठताना दोनदा विचार करी. गादी उभी धरून या बाजूने मावशी दाभण खुपसत, पलीकडून सून ते ओढून घेई. दाभणासारख्याच दोघींच्या जिभाही दिवसभर इकडून तिकडे चालत.

मग मुलाचं आणि सुनेचं फाटलं. मारहाण नाही, दारू नाही. दोघांची तोंडं दोन दिशांना, एवढंच. फारकतीला दोघांनी मान डोलावली. सून नातीला घेऊन पलीकडच्या गल्लीत राहायला गेली. मावशींच्या घरात कापूस तेवढा उरला.

मावशी तडक वकीलबाईंकडे गेल्या.

"पोर कुणाकडे राहणार?"

"लहान आहे, आईकडे. वडिलांनी खर्च द्यायचा आणि ठरल्या दिवशी भेटायचं."

"खर्च देईल, नाहीतर कान उपटीन. पण फारकत त्यांची. माझी न् सुनेची कुठं झालीय? मी सही करणार नाही!"

वकीलबाईंनी चष्मा काढला. "मावशी, तुमची सही लागतच नाही."

हे मात्र लागलं. इतकी वर्षं जीव तोडून भांडायचं आणि शेवटी सहीसुद्धा नाही!

"मग आजीनं नातीला बघायचं कसं?"

"दोघं कबूल झाले तर तसं लिहून घेता येतं. सुनेला विचारा."

विचारा? मावशींनी सुनेला आजवर काही विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

तारखेला त्या कोर्टाच्या बाकावर अंग चोरून बसल्या. सून आली तशी नात धावत येऊन मांडीत पडली. मावशींनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

"सूनबाई, पोरीला अधूनमधून... पाठवशील का गं?"

सुनेनं त्यांच्या कपाळाला हात लावला. "सासूबाई, ताप आहे का? चक्क विचारताय!"

"थट्टा नको. सांग."

"अधूनमधून कसलं? शाळा सुटली की रोज तुमच्याकडेच. परवाच वकीलबाईंना लिहायला सांगितलंय. ह्यांनीही हो म्हटलंय. फक्त वेणी घालताना केस ओढू नका तिचे."

"मी ओढते? तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलंय!"

"तेच तर म्हणतेय!"

नात खिदळली. भिंतीशी उभा असलेला मुलगाही हसला; त्याच्याशी कुणी भांडतच नव्हतं.

शिपाई दारातून ओरडला, "फारकतवाले, आत चला!"

दोघींनी एकदम हात उडवले, "थांबा हो जरा!"