शेवटचा फर्मा

बाइंडरीतल्या वहिनींच्या हाताखालून आजवर हजारो पुस्तकं गेली होती आणि त्यांतलं एकही त्यांनी वाचलं नव्हतं. याची त्यांना लाज नव्हती आणि कौतुकही नव्हतं. सासऱ्यांची शिकवणच तशी होती: पुस्तकाकडे पाठीकडून बघायचं, पोटात शिरायचं नाही. पोटात शिरलं की हात थांबतो आणि हात थांबला की खळ वाळते. सासऱ्यांनी हा धंदा खरं तर मुलासाठी उभा केला होता. पण मुलाला खळीच्या वासाने शिंका येत, म्हणून तो विमा कंपनीत लागला आणि बाइंडरी घरातल्या बायकांच्या गळ्यात पडली.

खोली रस्त्याहून दोन पायऱ्या खाली होती. खिडकीतून माणसं गुडघ्यापर्यंतच दिसत, त्यामुळे गल्लीतले सगळे बूट वहिनींना पाठ होते. गल्लीला मात्र त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. पोस्टमनपासून कागदवाल्यापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. खरं नाव खुद्द नवऱ्याला तरी चटकन आठवलं असतं की नाही, शंकाच आहे. खिडकीखाली त्यांचं शिवणाचं टेबल, दाराशी वन्संचं खळीचं. वन्सं म्हणजे थोरली नणंद. हाताने पुठ्ठे चिकटवायच्या आणि तोंडाने माणसं सोलायच्या. दोघींत कायदा एकच होता: शिवलेला गठ्ठा वन्संच्या टेबलावर आला म्हणजे पुस्तक पूर्ण. वन्सं तो कधी उघडून बघत नसत. वहिनींची शिवण तपासायची म्हणजे घड्याळ लावून सूर्य तपासण्यासारखं झालं असतं.

एका सकाळी ग्रंथपाल एक पुस्तक चादरीत बांधून घेऊन आले. चादरीत, कारण त्याला पुस्तक म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. जिन्यावरून गडगडत खाली आलं होतं. मुखपृष्ठ आणि पहिलं पान गायब, आणि सगळे फर्मे सुटून एकमेकांत मिसळलेले. फर्मा म्हणजे एकाच मोठ्या कागदाला घड्या घालून झालेली सोळा पानांची जुडी. अशा जुड्या ओळीने शिवल्या की पुस्तक होतं.

ओळ लावायची तर पानांचे आकडे बघायचे. वहिनींनी खाली बघितलं, वर बघितलं. आकडे नव्हतेच. आधीच्या कुणा बाइंडरने कडा सारख्या करताना इतक्या सढळ हाताने सुरी चालवली होती, की आकडे कापले जाऊन केरात गेले होते.

"मग आता?" वन्संनी विचारलं.

"आता वाचावं लागणार," वहिनी म्हणाल्या. डॉक्टरने ऑपरेशन सांगावं तसा स्वर होता.

सुरुवात काही प्रेमाची नव्हती. पहिल्याच उचललेल्या फर्म्यात एक बाई मेली होती. दुसऱ्यात तीच बाई धडधाकट तटबंदी चढत होती. एक राखेचा राजा होता, त्याला पाच सावत्र भाऊ होते आणि पाचांनाही राज्य हवं होतं. शिवाय एक म्हातारा ड्रॅगन होता. त्याचे दात पडले होते, म्हणून तो फक्त सल्ले द्यायचा. वहिनींनी कपाळाला हात लावला. एवढी माणसं एका पुस्तकात कोंबायची आणि वर नकाशा जोडायचा, म्हणजे वाचकाला चुकवायचं आणि मग रस्ता दाखवायचा, असा सगळा कारभार.

पण मोठ्या घरातल्या सुनेला माणसांच्या गर्दीची भीती किती वेळ वाटणार? दुपारपर्यंत त्यांनी सगळं राज्य नात्यांत बसवून टाकलं.

"हे बघा वन्सं, डोंगराच्या वेशीवर एक पहारेकरीण आहे, राखेचा राजा म्हणजे तिचा चुलत दीर. आणि ती तटबंदीवर मेलेली, ती तिची धाकटी जाऊ. मेली नंतर, आधी चढली."

"म्हणजे घरातलंच भांडण की."

"घरातलंच. फक्त तलवारी आहेत."

"तेवढीच सोय," वन्सं म्हणाल्या आणि खळ ढवळू लागल्या.

ओळ लागली तेव्हा काम संपायला हवं होतं. वहिनींनी मात्र पहिला फर्मा पुन्हा हातात घेतला आणि या वेळी सरळ क्रमाने वाचायला बसल्या, 'खात्री करून घ्यायला'. डोंगराच्या वेशीवर एक पहारेकरीण होती. डोंगर झोपलेला होता, आणि तो जागा होऊ नये म्हणून तिने आपलं नाव त्याला देऊन टाकलं होतं. त्यामुळे तिला कुणीच हाक मारू शकत नव्हतं. सख्खी बहीण समोर आली तरी नुसती बघत राहायची. सगळे तिला 'पहारेकरीण' एवढंच म्हणत. ते वाक्य वहिनींनी दोनदा वाचलं, मग खिडकीतून जाणारे बूट बघत बसल्या, मग तिसऱ्यांदा वाचलं.

त्या दिवसापासून बाइंडरीची लय बिघडली. दाभण फर्म्यात अर्धवट घुसलेलं आणि वहिनी भलत्याच डोंगरात. ग्रंथपालांचा निरोप आला की सांगायच्या, "खळ वाळली नाही अजून." खळ अजून पातेल्यातसुद्धा नव्हती.

"वहिनी, तुमची ही खळ आहे की समुद्र?" वन्सं म्हणायच्या. आणि थोड्या वेळाने, पुठ्ठा कापता कापता, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "त्या बोळक्या ड्रॅगनचं काय झालं पुढे?"

शेवटचा फर्मा मात्र वहिनींनी वाचला नव्हता. तो ओळखायला वाचावं लागत नाही, त्याचं मागचं पान कोरं असतं. एकेक फर्मा वाचून शिवला जात होता आणि हा शेवटचा दोऱ्यांच्या डब्यात निजला होता. पहारेकरणीला नाव परत मिळतं की नाही, ते त्यात होतं. ते वाचलं की सगळं संपणार, आणि मग उद्या सकाळी पुन्हा कुणाच्या तरी हिशेबतपासणीच्या पुस्तकाची पाठ. वहिनींचा हात डब्यापर्यंत जायचा आणि दोरा घेऊन परत यायचा.

एका दुपारी शेवटचा सोडून बाकी सगळं शिवून झालं. गठ्ठा सपाट व्हावा म्हणून वहिनींनी तो वजनाखाली ठेवला. वजन वन्संच्या टेबलावर होतं. तिथेच ठेवून त्या कापड आणायला बाजारात गेल्या.

परतल्या तेव्हा वन्संचा चेहरा फुलला होता. "झालं एकदाचं! पुठ्ठा चढवला, पंख्याखाली वाळवला. ग्रंथपाल साहेब स्वतः येऊन घेऊन गेले. किती दिवस टोलवणार होतात त्यांना?"

सासऱ्यांच्या काळापासून या खोलीतून अपुरं पुस्तक बाहेर गेलं नव्हतं. सांगून टाकावं, असं मनात आलं. पण त्याच मनात दुसरंही आलं: फर्मा डब्यात आहे तोवर पहारेकरीण वेशीवर उभी आहे. त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि आणलेलं कापड मापाने कापायला घेतलं.

काही दिवसांनी खिडकीत ग्रंथपालांचे तपकिरी बूट आले, तेही जोरात. पाठोपाठ साहेब पुस्तक घेऊन दोन पायऱ्या उतरले.

"वहिनी, तुमचं काम नेहमीसारखं सुरेख. तक्रार लेखकाबद्दल आहे. आपले दातवाले डॉक्टर हे घेऊन गेले होते. पेशंट ताटकळत ठेवून वाचत होते म्हणे. आणि शेवटी काय? ती बाई वेशीच्या अडसराला हात घालते, आणि खलास! डॉक्टर म्हणाले, हा लेखक भोंदू आहे. शेवट सुचला नाही, म्हणून पळून गेला."

नशीब म्हणा की दुर्दैव, शेवटच्याच्या आधीचा फर्मा नेमका पूर्णविरामावर संपत होता.

"तुम्ही वाचलंत, साहेब?" वन्संनी विचारलं.

"मी ग्रंथपाल आहे हो, मला वाचायला वेळ कुठला? मी हे रद्दीत काढतो. कसला लेखक हा, त्याचं कपाटच रिकामं करतो म्हणतो. तुम्ही फक्त एवढा नवा पुठ्ठा सोडवून ठेवा, दुसऱ्या कशाला होईल."

वहिनी उभ्या राहिल्या. त्यांच्या कामाला कुणी नावं ठेवली असती, तर कदाचित त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. ग्रंथालयाने काम काढून घेतलं असतं, तरी दुसरीकडे हातपाय हलवले असते. पण भोंदू?

"लेखक पळून नाही गेला," त्या म्हणाल्या. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "चूक माझी आहे." आणि दोऱ्यांच्या डब्यातून त्यांनी फर्मा काढून टेबलावर ठेवला.

वन्संनी आधी फर्म्याकडे बघितलं, मग वहिनींकडे, मग भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे. जणू त्यांनी ऐकलं तर नाही ना.

"हरवला होता?" ग्रंथपालांनी विचारलं.

"नाही. ठेवला होता."

"का?"

"संपू नये म्हणून."

ग्रंथपालांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे तुम्हीसुद्धा वाचला नाहीत?" वन्संचा आवाज चढला. "मला त्या ड्रॅगनपायी लटकत ठेवून? आता परत सगळी पाठ खरवडायची, पुन्हा शिवायचं! बसा खाली. शिवायच्या आधी वाचा. मोठ्याने वाचा. आणि साहेब, तुम्ही दारात उभे राहून उजेड अडवू नका."

वहिनी वाचू लागल्या. वन्संची खळ पातेल्यात घट्ट होत गेली आणि त्यांनी ती होऊ दिली. दारातले ग्रंथपाल कधी तरी पुठ्ठ्यांच्या चळतीवर टेकले होते, आणि डोंगर कूस बदलतो तिथे त्यांनी स्वतःचाच गुडघा घट्ट धरला. पहारेकरणीला कुणी हाक मारली आणि कोणत्या नावाने, ते इथे सांगणं बरं नव्हे. डॉक्टरांचं अजून वाचून व्हायचंय. एवढंच, की शेवटच्या ओळीनंतर वहिनींनी ते कोरं पान उलटून बघितलं, पलीकडेही काही नाही ना, म्हणून.

"संपलं," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले.

ग्रंथपाल चळतीवरून उठले. "संपलं कसं? हा तर पहिला भाग. अजून सहा आहेत कपाटात."

वहिनींनी फर्मा खाली ठेवला. "सहा?"

"सहा. आणि एकाचीही पाठ धड नाही."

वन्संनी दगड झालेल्या खळीचं पातेलं उचललं. "मोठं पातेलं काढते," त्या म्हणाल्या. "पण वहिनी, आता वाचून झाल्याशिवाय दाभणाला हात लावाल तर खबरदार."